इंग्रजी चौथी

माझी आत्या शेवटपर्यंत इयत्ता जुन्या हिशेबाने मोजायची. माझी मुलगी आठवीत गेली तेव्हा हातावरचा पेढा तसाच ठेवून ती म्हणाली, "म्हणजे इंग्रजी चौथी. फार मोठी गोष्ट आहे, बाळा." मुलीला वाटलं, आजी इंग्रजीच्या पुस्तकाबद्दल विचारते आहे. तिने दप्तरातून पुस्तक काढून दाखवलं. आत्याने ते डोळ्यांजवळ नेलं, दोन पानं उलटली आणि परत दिलं. चौथीत जाण्यात एवढं मोठं काय, ते तिने त्या दिवशी सांगितलं नाही. पुढे मी विचारत गेले आणि ती सांगत गेली. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत, दुपारच्या चहानंतर, दोनेक वर्षं हे चाललं. आता ती नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

आधी तो हिशेब. पहिल्या चार इयत्ता आपल्या भाषेत: मराठी चौथी, नाहीतर गुजराती चौथी. मग मोजणी पुन्हा एकपासून सुरू व्हायची. इंग्रजी पहिली, दुसरी, असं करत सातवीपर्यंत. इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. चार आणि सात, अकरा वर्षं. पण लहान गावात जी 'इंग्रजी शाळा' असे, ती बहुधा तिसरीला संपायची. चौथीपासून हायस्कूल, आणि हायस्कूल म्हणजे परगाव. शहरातल्या मुलाला तिसरी आणि चौथीच्या मध्ये फक्त एक उन्हाळ्याची सुट्टी होती. आत्या ज्या गावात वाढली तिथल्या मुलाला त्या दोन इयत्तांमध्ये आगगाडीचं तिकीट, खोलीचं भाडं, जेवणाची सोय आणि घरातले दोन हात कमी होणं, एवढं सगळं होतं.

आत्याचे वडील म्हणजे माझे आजोबा. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. १९१९ मध्ये ते बडोद्याहून एका महालाच्या ठाण्याला, म्हणजे मुख्य गावाला, इंग्रजी शाळेचे मास्तर म्हणून गेले. बडोदा संस्थानात तालुक्याला महाल म्हणत आणि मामलेदाराला वहिवटदार. डभोईला गाडी बदलायची आणि पुढे नॅरोगेजने जायचं. त्या छोट्या रुळांचं अण्णांना फार कौतुक होतं. खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ मध्ये, डभोई ते मियागाम हा रूळ पहिल्यांदा पडला तेव्हा त्यावरचे डबे बैल ओढायचे. इंजिनं नंतर आली. "आधी रूळ टाकले, मग इंजिन शोधलं," असं अण्णा म्हणायचे, आणि त्यांच्या शाळेबद्दल बोलतानाही हेच वाक्य वापरायचे. ते का, हे पुढे येईलच.

गावाचं नाव मी लिहिणार नाही. पुढे मला एका मुलाबद्दल लिहायचं आहे आणि ज्या घरांचा त्यात संबंध आहे त्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिथे राहतात.

शाळा म्हणजे एका कापूस व्यापाऱ्याच्या घराची मेडी. खाली कापसाच्या गासड्या, वर तीन इयत्ता. दोन खोल्या आणि एक ओटा, मास्तर दोन, फळा एक. तो फळा दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभा करायचे आणि एका बाजूला पहिली-दुसरी, दुसऱ्या बाजूला तिसरी. हंगामात जिनातून, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातून, गाड्या आल्या की खालून कापसाची पिंजर वर उडायची आणि मुलं केसांत पांढरे धागे घेऊन घरी जायची. आत्या सांगायची, की कुठलं मूल शाळेत जाऊन आलं आणि कुठलं तळ्यावर उंडारून आलं, हे आया डोक्यावरून ओळखत.

ही शाळा तिसरीला का संपत होती आणि नेमकी त्याच वर्षांत ती तिथे का मावेनाशी झाली, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. बडोद्यात सरकारी खर्चाने शाळा चालवायच्या, ही कल्पनाच फार जुनी नव्हती. १८७१ मध्ये मल्हाररावांच्या कारकिर्दीत दोन गुजराती, दोन मराठी आणि एक इंग्रजी शाळा निघाली, तीही राजधानीत. मला त्या 'दोन गुजराती, दोन मराठी'चं नेहमी अप्रूप वाटतं. रयत बहुतेक गुजराती, दरबार मराठी, आणि शाळा सारख्या संख्येने. मल्हारराव १८७५ मध्ये पदच्युत झाले. टी. माधवराव दिवाण म्हणून आले आणि त्याच वर्षी २७ मे रोजी नाशिककडच्या कवळाण्याहून आणलेला बारा वर्षांचा गोपाळ दत्तक जाऊन सयाजीराव झाला. शेतकऱ्याचं पोर, अक्षरओळख जवळपास नाही. इलियट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली त्याच्यासाठी वेगळी शाळा काढली आणि तिथे मराठी, गुजराती, इंग्रजी असं सगळं एकदमच सुरू झालं. सहा वर्षांनी, १८८१च्या डिसेंबरात, राज्य त्याच्या हातात आलं.

अण्णांनी ही गोष्ट आयुष्यभर वापरली. खेड्यातला बाप मुलाला घेऊन यायचा आणि ओट्याच्या पायरीवरूनच म्हणायचा, "मास्तरसाहेब, आता वय गेलं याचं, घोडा झालाय." अण्णा विचारायचे, किती वर्षांचा? बारा. "महाराजांनी बाराव्या वर्षी पाटी घेतली," अण्णा म्हणायचे, "याला बसवा." आत्याने हा संवाद इतक्या वेळा ऐकला होता, की तिला तो अण्णांच्या गुजरातीत तोंडपाठ होता.

१८९३ मध्ये सयाजीरावांनी सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग अमरेलीत सुरू केला. शहर आणि आसपासची नऊ गावं. हिंदुस्थानात तेव्हा असं फारसं कुणी करत नव्हतं. मग छप्पनचा दुष्काळ आला, संवत १९५६चा, ज्याला गुजरातेत आजही छप्पनियो म्हणतात. १८९१च्या शिरगणतीत संस्थानची वस्ती २४ लाखांच्या वर होती, ती १९०१ मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली. लाखो माणसं गेली असताना शाळेचं काय घेऊन बसायचं, असं कुणीही म्हणालं असतं. तरी प्रयोग टिकला आणि १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सगळ्या संस्थानात सक्तीचं झालं. पुढे गोखल्यांनी कलकत्त्याच्या कौन्सिलात सक्तीच्या शिक्षणाची मागणी मांडली तेव्हा बडोद्याचा दाखला दिला. त्यांचं विधेयक फेटाळलं गेलं. बडोद्यात मात्र मूल शाळेत आलं नाही तर बापाला दंड होत होता.

हा सगळा इतिहास बडोद्यातल्या मराठी घरांत पाठ असतो. आमच्याकडे सयाजीरावांचं नाव घेताना आवाज बदलतो, माझाही बदलतो. पण सक्तीच्या कायद्याने पुढे काय केलं, याचा विचार आम्ही फारसा करत नाही. मी तीस वर्षं गणित शिकवलं आहे, तेव्हा मी साधी बेरीज करून पाहिली. १९०६ मध्ये सात वर्षांचं असलेलं मूल कायद्याने शाळेत बसलं. १९१० मध्ये त्याची गुजराती चौथी झाली. त्यातलं हुशार, ज्याच्या घरी जरा सोय आहे असं मूल इंग्रजीला गेलं. १९१३ मध्ये ते इंग्रजी तिसरी संपवून मेडीच्या जिन्यावरून खाली उतरलं, आणि त्याला पुढे जायला गावात जागा नव्हती. पुढच्या वर्षी तसंच आणखी एक, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. प्राथमिक शाळा कायद्याने भरल्या आणि तो सगळा लोंढा तिसरीच्या भिंतीशी येऊन थांबला. अण्णा १९१९ मध्ये पोचले तेव्हा गावात अशी तिसरी पास पोरं दुकानांच्या फळ्यांवर बसलेली होती. कुणी वडिलांच्या वह्या लिहीत होतं, कुणी कचेरीत अर्ज लिहून देऊन दोन पैसे मिळवत होतं. वाचता येणाऱ्या, बेचैन मुलांचा तो घोळका अण्णांना रोज संध्याकाळी दिसायचा.

१९२१च्या उन्हाळ्यानंतर त्यातल्या अकरा मुलांना अण्णांनी घरी बोलावलं. पहाटे, शाळेच्या आधी. बडोद्याहून चौथीची पुस्तकं आणली, प्रत्येकी एकेक नव्हे, सगळ्यांत मिळून तीन संच. मंजुरी नव्हती, फी नव्हती, हजेरीपट नव्हता. आजी सांगायची, की अंगणात सडा घालायला ती उठायची तेव्हा मुलं दारात उभी असायची आणि ती आत जाईपर्यंत कुणी पाऊल टाकत नसे. हे वर्षभर चाललं. अण्णांच्या वाक्यातले रूळ ते हे. गावातलं पहिलं हायस्कूल आमच्या घराच्या पडवीत होतं आणि सरकारी कागदावर ते कुठेही नाही.

वर्षाअखेर अण्णांनी आणि हेडमास्तरांनी बडोद्याला विद्याधिकाऱ्यांकडे अर्ज केला. मुलं किती, जागा कोणती, गाव काय उचलणार, हे सगळं लिहून द्यायचं होतं. गावाने उचललं, हे मला मोकळेपणाने लिहिलं पाहिजे. महाजनांनी बाकं करून दिली, कापूसवाल्यांनी आणखी एक खोली सोडली, एका सुताराने दोन फळे मजुरी न घेता केले. तपासणीला साहेब आले तेव्हा त्या अकरांतल्या नऊ मुलांची परीक्षा झाली. (दोघं तोवर धंद्याला लागले होते. त्यांची नावं अण्णा शेवटपर्यंत घ्यायचे.) चौथी मंजूर झाली. या नऊ जणांना पुन्हा चौथीत बसावं लागलं, कारण आदल्या वर्षाची चौथी कागदावर झालेलीच नव्हती. एकानेही तक्रार केली नाही.

त्यानंतर शाळा वर्षाला एक इयत्ता अशी वाढली. पुढच्या साली पाचवी, मग सहावी, मग मॅट्रिक. मला या चार वर्षांचं फार वाटतं. या मुलांच्या पुढे शाळेत कधीच कुणी नव्हतं. आपण शाळेत जातो तेव्हा वरच्या वर्गातली मुलं पाहत जातो, त्यांची जुनी पुस्तकं घेतो, कोणता मास्तर काय विचारतो ते त्यांच्याकडून कळतं. या नऊ जणांना विचारायला कुणी नव्हतं. दर जूनमध्ये ते एका नव्या, कोऱ्या खोलीत शिरायचे आणि त्यांच्या मागे ती खोली दुसऱ्या मुलांनी भरायची. अण्णांचीही तीच गत. भूमिती त्यांनी आदल्या रात्री स्वतः सोडवून मग शिकवली. बीजगणितात अडलं की शनिवारच्या गाडीने बडोद्याला जाऊन जुन्या गुरुजींना विचारून यायचे.

मॅट्रिक म्हणजे मुंबई विद्यापीठाची परीक्षा. १८५९ मध्ये ती पहिल्यांदा झाली आणि त्या पहिल्या तुकडीत रानडे आणि भांडारकर होते. त्याच परीक्षेला ही कापसाच्या मेडीवरची मुलं बसणार, याचं अण्णांना इतकं दडपण होतं, की त्या फेब्रुवारीत त्यांचं जेवण तुटलं. नवांतले सात बसले. तीन पास झाले. गावात साखर वाटली गेली. तिघांपैकी एक बडोद्याला कलाभवनात गेला, जे १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकाराने निघालं होतं आणि जिथे दादासाहेब फाळके शिकून गेले होते. एक पोस्टात लागला. तिसरा त्याच शाळेत मास्तर म्हणून परत आला आणि आता निदान एक माणूस असा झाला, ज्याला त्या शाळेतली मुलं 'पुढे काय असतं' असं विचारू शकत होती.

चौथी निघाल्यावर खेड्यांतून मुलं यायला लागली आणि जेवणाचा प्रश्न उभा राहिला. वसतिगृह नव्हतं. अण्णांनी पुण्या-बडोद्याकडची जुनी पद्धत काढली: वार लावून जेवायचं. सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी. गावातल्या गुजराती घरांना ही रीत नवी होती, पण त्यांनी ती चटकन उचलली. आमच्याकडे बुधवार आणि शनिवार. आजीचं गुजराती तेव्हा कच्चं होतं आणि मुलांना तिची आमटी तिखट लागायची. एकाने भीत भीत विचारलं, "बा, थोडो गोळ?" त्या दिवसापासून आमच्या घरच्या आमटीत गूळ वाढला तो आजतागायत. माझ्या सासरी पहिल्यांदा केली तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ती मुलं आजीला 'दक्षिणी बा' म्हणायची. गुजरातेत आम्हा मराठी माणसांना दक्षिणीच म्हणत.

भाषेचं आणखी एक सांगते. गुजराती अक्षरांना डोक्यावर रेघ नसते. पण बडोदा सरकारचे गुजराती कायदे आणि आज्ञापत्रिका बाळबोधीत छापलेल्या असत, म्हणजे भाषा गुजराती आणि लिपी आपली, शिरोरेघेसकट. अण्णा गुजराती शिकले ते हे कागद वाचून. त्यामुळे फळ्यावर ते गुजराती लिहायचे तेही रेघ ओढून. आधी रेघ, मग तिच्याखाली अक्षरं टांगायची. मुलांना ती सरकारी हुकमासारखी वाटायची. आत्याचं म्हणणं असं, की अण्णांनी फळ्यावर 'उद्या सुट्टी' असं लिहिलं तरी मुलं क्षणभर घाबरत.

पुस्तकं हाही प्रश्न होताच. शाळेचं ग्रंथालय म्हणजे एक कपाट, आणि त्याचं एक दार नसलेलं. इथे बडोद्याची दुसरी मोठी गोष्ट कामाला आली. अमेरिकेच्या दौऱ्यात सयाजीरावांनी तिथली सार्वजनिक वाचनालयं पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. बॉर्डन तीन वर्षं राहिले. मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, आणि गावाने एक हिस्सा उचलला की दुसरा प्रांत पंचायतीने आणि तिसरा सरकारने द्यायचा, अशी वाचनालयांची व्यवस्था लागली. त्याबरोबर फिरत्या पेट्या निघाल्या. लाकडी, कुलपाच्या, आत पुस्तकं उभी लावलेली. अशी पेटी नॅरोगेजच्या गार्डच्या डब्यात टाकून यायची. आत्या सात-आठ वर्षांची असताना स्टेशनावर अण्णांचं बोट धरून ती पेटी आणायला जायची. परत येताना हमालाच्या डोक्यावरची पेटी आणि खाली चालणारी आत्या. "आत काय आहे हे माहीत नसायचं, म्हणून मी मान वर करूनच चालायची," ती म्हणायची. गुजराती पुस्तकांत एखादं मराठी असलं तर ते आधी आजीकडे जायचं. आजी ते रात्री कंदिलाशी एकेक अक्षर लावत वाचायची.

आत्या स्वतः १९३५ मध्ये इंग्रजी चौथीत गेली. गावात मुलींसाठी हायस्कूल नव्हतं. सयाजीरावांच्या पत्नी महाराणी चिमणाबाई १९२७ मध्ये पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्ष होत्या, आणि ती परिषद भरली होतीच मुळी मुलींच्या शिक्षणाच्या प्रश्नावर. तरी महालाच्या गावात तेरा वर्षांच्या मुलीने मुलांच्या वर्गात बसणं ही काय गोष्ट होती, ते आत्याच्या तोंडून ऐकावं. तिच्यासाठी भिंतीशी एक वेगळं लहान बाक ठेवलं. ती अण्णांबरोबर यायची आणि अण्णांबरोबर जायची. पहिले सहा महिने वर्गात तिने तोंड उघडलं नाही. मग एकदा अण्णांनीच तिला उभं करून भागाकार विचारला, आणि तिने सांगितला.

त्याच वर्गात एक मुलगा होता. आत्या त्याचं नाव घ्यायची, मी घेत नाही. गावाबाहेरच्या वस्तीतला. संस्थानाने अंत्यजांसाठी १८८०च्या दशकातच वेगळ्या शाळा काढल्या होत्या. तिथे शिकवायला सवर्ण मास्तर मिळेनात, म्हणून मुसलमान आणि आर्यसमाजी शिक्षक नेमावे लागले. हा मुलगा अशा शाळेतून पुढे आलेला, तिसरीत दुसरा नंबर. कायदा त्याच्या बाजूने होता, सरकारी शाळा त्याला बंद नव्हती. अण्णांनी त्याचं नाव घातलं आणि त्याला उंबऱ्याच्या बाहेर, ओट्यावर बसवलं. तिथून त्याला फळा तिरका दिसायचा. पाणी दुसऱ्या मुलाने वरून ओतायचं. आणि वार लावण्यात त्याचं नाव नव्हतं, आमच्या घरीसुद्धा. तो घरून भाकरी आणायचा.

"माझं बाक भिंतीशी आणि तो ओट्यावर," आत्या म्हणाली. "वर्गात नसल्यासारखे आम्ही दोघंच. पण मी आतली होते."

एकदा पावसाची झड आत येत होती. अण्णांनी त्याला आत, दाराशी घेतलं. दोन दिवसांनी चार प्रतिष्ठित माणसं आमच्या घरी आली. ज्यांनी बाकं दिली होती, ज्यांनी खोली सोडली होती, तीच. फार गोड बोलली. शाळा गावाची आहे, मास्तरसाहेब. पुढच्या साली नवी इमारत बांधायची आहे. अण्णा ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी पाऊस होताच, आणि मुलगा पुन्हा ओट्यावर होता. दिवाळीनंतर तो आला नाही.

१९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर कोलंबियाला गेले, हे आम्ही अभिमानाने सांगतो. १९१७ मध्ये ते नोकरीसाठी बडोद्याला परत आले तेव्हा ज्या शहराच्या तिजोरीतून ती रक्कम निघाली त्याच शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही, हेही त्याच अभिमानाच्या शेजारी ठेवायला हवं. अण्णा त्या वेळी बडोद्यात कॉलेजात होते. त्यांना ते माहीत होतं. माझे आजोबा भले होते, कष्टाळू होते, अकरा पोरांसाठी त्यांनी पहाटेची झोप सोडली. आणि एका मुलाच्या बाबतीत ते चुकले, तेही माहीत असून. म्हातारपणी त्यांना ते फार खायचं. शेवटच्या आजारात ते आत्याला म्हणाले, "मी त्याच्या नावापुढे गैरहजर असं लिहिलं. तो गैरहजर नव्हता." आत्याने हे मला सांगितलं तेव्हा ती स्वतः नव्वदीच्या पुढे होती, आणि हे सांगून झाल्यावर बराच वेळ चहाच्या कपाकडे बघत राहिली.

आत्याची मॅट्रिक १९३९ची. त्या वर्षी ६ फेब्रुवारीला सयाजीराव महाराज मुंबईत वारले. गावात बाजार बंद राहिला, शाळेत कुणी मोठ्याने बोललं नाही. अण्णा घरी येऊन पगडी खुंटीला लावून तसेच उभे राहिले. परीक्षा तोंडावर होती. आत्या आणि वर्गातली मुलं नॅरोगेजने डभोईला आणि तिथून बडोद्याला गेली. अण्णा डब्याच्या दारात बसून सगळ्यांची उजळणी घेत होते. ती पास झाली, पुढे शिकली, आणि बडोद्यात मुलींना शिकवत तिचं आयुष्य गेलं.

तिच्या पश्चात, गेल्या वर्षी, मी आणि मुलगी त्या गावी जाऊन आलो. डभोईला आता ब्रॉडगेज आहे, तीच पुढे केवडियाला जाते. आमची वाट मात्र बसची. शाळेची इमारत मोठी, दुमजली, पटांगणात कडुनिंब. दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी, त्यावर मुख्याध्यापकांची नावं आणि स्थापनेचं साल. ते साल मॅट्रिकच्या वर्गाला मंजुरी मिळाली तेव्हाचं. मेडीवरच्या तीन इयत्ता त्यात नाहीत. पडवीतली चौथी नाही.

कार्यालयातल्या कारकूनबाईंना मी सगळं सांगितलं. जुनं जनरल रजिस्टर जपून ठेवलेलं असतंच, त्या म्हणाल्या, अजूनही कुणी ना कुणी दाखल्यासाठी येतं. लाल कापडात बांधलेली वही त्यांनी टेबलावर सोडली. पानं पिवळी, पण शाई ताजी वाटावी अशी काळी. गुजराती मजकूर, वर शिरोरेघ. माझ्या मुलीने अक्षर लगेच ओळखलं, आमच्या घरी आत्याच्या पत्रिकेमागे तेच आहे.

आत्या सापडली. नाव, जन्मतारीख, इयत्ता: अंग्रेजी चौथी. आधीची शाळा: हीच. तिच्या वर दोन ओळी सोडून तो मुलगा. नाव, बापाचं नाव, जात, दाखल झाल्याची तारीख. मी बोट पुढे सरकवत शेवटच्या रकान्यापर्यंत नेलं. शाळा सोडल्याचं कारण. आसपासच्या सगळ्या ओळींत काहीतरी लिहिलेलं होतं: बदली, लग्न, धंदा, मयत. त्याच्या ओळीत अण्णांनी वरची रेघ ओढलेली होती, रकान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ. तिच्याखाली एकही अक्षर नव्हतं.

मुलीने विचारलं, फोटो काढू का? मी नको म्हटलं. कारकूनबाई थोडा वेळ थांबल्या, मग त्यांनी कापडाची टोकं हातात घेतली.

"बंद करुं, बेन?"